मात्स्यन्याय : एका रूपकाचा नैतिक हिशेब

१

मराठी लेखनात ‘मात्स्यन्याय’ हा शब्द इतक्या सहजपणे लेखणीवर येतो, की त्याच्या पोटात मासा आहे याचे भान वापरणाऱ्याला क्वचितच असते. सावकार आणि शेतकरी, खोत आणि कूळ, महासत्ता आणि तिचा दुबळा शेजारी अशा कोणत्याही विषम संबंधाचे वर्णन या एका शब्दात उरकता येते. वापरणाऱ्याचा हेतू बहुधा निषेधाचा असतो. परंतु त्या निषेधाच्या आडून हा शब्द एक गृहीतकही आत आणतो. सृष्टीत हे असेच चालते, मोठ्याने लहानाला गिळावे हा जीवनाचा मूळ नियम आहे आणि माणूस त्यावर फार तर संस्कृतीचा एक पातळ थर चढवू शकतो, हे ते गृहीतक होय. ज्या वर्तनाचा निषेध करावयाचा त्यालाच निसर्गनियमाचे पद बहाल करावयाचे, अशी ही विचित्र अवस्था आहे. आणि निसर्गनियमाचा निषेध करणाऱ्याच्या वाट्याला अखेर हतबलतेखेरीज काही येत नाही.

‘जे आहे’ त्यावरून ‘जे असावे’ ते सिद्ध होत नाही, हा ह्यूमपासूनचा आक्षेप येथे कोणीही घेईल, आणि तो रास्तच आहे. परंतु तो घेताना आपण एक गोष्ट न तपासताच मान्य करून टाकतो. ती म्हणजे, ‘जे आहे’ त्याचे या रूपकाने केलेले वर्णन. मासे खरोखर या न्यायाने जगतात काय? सजीवांना जगण्यासाठी लागणारी ऊर्जा कोठून येते, कोणाकडून कोणाकडे जाते आणि जाताना तिचे काय होते, याविषयी गेल्या शतकात जे ज्ञान हाती आले ते या रूपकाशी कितपत जुळते? न जुळल्यास त्यावर उभारलेल्या नैतिक विधानांचे काय करावयाचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभे राहून करावयाचा आहे. या किनाऱ्यावर मासाही आहे आणि लहान-मोठ्याचा वादही आहे, आणि गेली काही वर्षे त्या वादाची भाषा नेमकी हीच आहे.

२

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘मात्स्यन्याय’ या संज्ञेतील ‘न्याय’ हा निवाड्याचा न्याय नव्हे. काकतालीय, घुणाक्षर, सूचीकटाह अशा लौकिक न्यायांच्या पंगतीतला तो न्याय आहे. लोकव्यवहारातील एखाद्या दाखल्यावरून दुसरी गोष्ट स्पष्ट करून सांगण्याची ती एक रीत असते. कर्नल जेकब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून ‘लौकिकन्यायाञ्जलि’ या नावाने अशा न्यायांचे संकलन प्रसिद्ध केले, तेव्हा संस्कृत शास्त्रग्रंथ वाचणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नव्हता. आजच्या मराठीत मात्र न्याय म्हणजे उचित निवाडा हाच अर्थ पहिल्याने मनात येतो. त्यामुळे ‘माशांचा दाखला’ हा मूळ अर्थ नकळत ‘माशांचा कायदा’ असा ऐकू येतो. दाखल्याचे कायद्यात झालेले हे रूपांतर वरवर पाहता किरकोळ आहे. पण दाखला तपासता येतो, नाकारता येतो, आणि कायद्यापुढे मान तुकवावी लागते.

कौटिलीय अर्थशास्त्रात हा दाखला राज्यसंस्थेच्या समर्थनासाठी येतो. दंड योजला गेला नाही तर बलवान दुर्बलाला गिळतो, असे तेथे म्हटले आहे. पुढे, मात्स्यन्यायाने पीडलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा व विक्रीच्या मालाचा दहावा भाग त्याच्यासाठी ठरवून दिला, अशीही हकीकत सांगितली आहे. शांतिपर्वातही अराजकाचे वर्णन पाण्यातील माशांच्या दाखल्यानेच होते. बंगालमधील पालवंशाच्या खालिमपूर ताम्रपटात गोपालाच्या राज्यारोहणाचे कारण म्हणून हाच शब्द आहे. या सर्व ठिकाणी बोलणारा राजाच्या बाजूने बोलत आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. मासे भयानक असले तरच दंड आवश्यक ठरतो. राज्यशास्त्राला भयानक मासा हवा होता आणि त्याने तो निर्माण केला.

परंतु याच मनूची एक जुनी कथा शतपथ ब्राह्मणात आहे. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून एक लहानसा मासा मनूच्या हातात येतो आणि संरक्षण मागतो. आपण लहान असेपर्यंत आपल्याला मोठे भय असते, कारण मासाच माशाला खातो, असे तो सांगतो. म्हणून आधी घागरीत, मग खड्ड्यात आणि पुरता वाढल्यावर समुद्रात सोडावे, एवढीच त्याची मागणी असते. पुढे प्रलय येतो आणि तोच मासा मनूची नौका ओढून नेतो. या कथेचा अर्थ पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे लावला आहे. प्रस्तुत संदर्भात तिचे वेगळेपण असे की मात्स्यन्याय येथे लहान माशाच्या तोंडून सांगितला जातो, आणि सांगताना तो दंड मागत नाही, मोठ्या माशांचा वधही मागत नाही. तो मागतो केवळ वाढण्यापुरता अवधी. अर्थशास्त्रातील मनूला करांचे वाटे मिळाले. शतपथातील मनूने आधी एका माशाला वेळ दिला होता. राजनीतीच्या परंपरेने यांतला पहिला मनू उचलला आणि दुसरा ब्राह्मणग्रंथात राहू दिला, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला सूचक वाटते.

३

आता माशांकडे वळू. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९२७ साली ‘अॅनिमल इकॉलॉजी’ या ग्रंथात अन्नसाखळीची कल्पना मांडताना एका चिनी म्हणीचा आधार घेतला होता. मोठे मासे लहान माशांना खातात हे त्या म्हणीतही आहे. पण ती तेथे थांबत नाही. लहान मासे पाण्यातील किड्यांना खातात आणि किडे वनस्पती व चिखल खातात, असे ती पुढे सांगते. आपला न्याय पहिल्याच पायरीवर थांबला, चिनी म्हण चिखलापर्यंत खाली उतरली. दोन्ही वाक्ये खरीच आहेत. परंतु पहिल्याच पायरीवर थांबलेल्या वाक्यातून बळाचे तत्त्वज्ञान निघते आणि चिखलापर्यंत उतरलेल्या वाक्यातून अवलंबनाचे.

रत्नागिरीच्या समुद्रात ही उतरण कशी दिसते? सुरमई तारली खाते. तारली प्रामुख्याने पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकांवर जगते आणि गिलांच्या चाळणीतून पाणी गाळून त्यांना अडविते. हे प्लवक सूर्यप्रकाश आणि पाण्यात विरघळलेली खनिजे यांवर वाढतात. पावसाळ्यात वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या सह्याद्रीची माती घेऊन खाडीमार्गे समुद्रात येतात, तेव्हा त्या खनिजांचा एक हप्ता येथे पोहोचतो. खाडीच्या आत कांदळवनाची पाने गळून चिखलात कुजतात. जिवाणू त्यांचा चुरा करतात आणि त्यावर व पाण्यातील प्लवकांवर मुळे, तिसऱ्या, कालवे पोसली जातात. ओहोटीला काजळीच्या मुखाशी भाट्याच्या खाडीत वाकून ती गोळा करणाऱ्या बायका चिनी म्हणीच्या शेवटच्या शब्दात पाय रोवून उभ्या असतात.

या उतरणीचा हिशेब प्रथम नीटपणे मांडला तो रेमंड लिंडेमन याने. मिनेसोटातील सीडर बॉग नावाच्या एका लहानशा तळ्याचा त्याने अनेक वर्षे अभ्यास केला आणि कोण कोणाला खातो या प्रश्नाऐवजी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर किती ऊर्जा पोहोचते, असा प्रश्न विचारला. त्याचा निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास लिंडेमन जिवंत नव्हता. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच तो गेला. त्याच्या मांडणीवरून पुढे जो स्थूल नियम रूढ झाला तो असा, की प्रत्येक पायरीवर सुमारे दहा टक्के ऊर्जा वर पोहोचते. हा आकडा सर्वत्र सारखा नसतो, कमीअधिक होतो. पण उतार नेहमी तीव्रच असतो. हजार किलो प्लवकांतून शंभर किलो तारली आणि शंभर किलो तारलीतून दहा किलो सुरमई, असा हा व्यवहार आहे. (समुद्रात एखाद्या क्षणी मोजलेले प्लवकांचे वजन त्यांना खाणाऱ्यांहून कमी भरू शकते, कारण प्लवक फार वेगाने वाढतात आणि वाढता वाढताच खाल्ले जातात. तेथे वजनाचा पिरॅमिड उलटा दिसतो. ऊर्जेच्या प्रवाहाचा मात्र कधीच उलटत नाही.)

या हिशेबाचे दोन अर्थ आपल्या रूपकाला छेद देणारे आहेत. पहिला सरळ आहे. जो वर आहे तो बलवान असेल, पण तो मोजकाच असतो आणि परावलंबी असतो. तारली एखाद्या वर्षी किनाऱ्याकडे फिरकली नाही, तर तारलीवाचून सुरमईचे अडते. सुरमईवाचून तारलीचे अडत नाही. मोठ्या माशाची संख्या लहान मासा ठरवितो. सत्तेच्या भाषेत बोलायचेच झाले तर ती खालून वर जाणारी सत्ता आहे, आणि मात्स्यन्यायाने सांगितलेल्या दिशेच्या नेमकी उलट आहे.

दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. जी नव्वद टक्के ऊर्जा वर पोहोचत नाही तिचे काय होते? पाठ्यपुस्तके तिला ‘ऱ्हास’ म्हणतात आणि हा शब्द दिशाभूल करणारा आहे. तिचा काही भाग मृत आणि त्याज्य पदार्थांच्या रूपाने जिवाणूंकडे जातो. मोठा भाग मात्र त्या लहान माशाच्या श्वसनात, पोहण्यात, थव्यात राहण्यात, अंडी घालण्यात खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने विरून जातो. हा ऱ्हास खाणाऱ्याच्या दृष्टीने आहे. तारलीच्या दृष्टीने ते तिचे जगणे आहे. सुरमईच्या तोंडी जो दशांश पडतो तो तिने वसूल केलेला कर नव्हे, तारलीने जगून झाल्यावर जे शरीर शिल्लक उरले ते होय. भक्ष्याला स्वतःचे असे जगणे असते आणि ऊर्जेच्या हिशेबात तेच सर्वांत मोठे कलम असते. मात्स्यन्यायाच्या रूपकात लहान मासा केवळ गिळला जाण्यापुरता अस्तित्वात येतो. त्याच्या जगण्याला तेथे ओळच नाही. शोषितांचे चित्रण करणाऱ्या आपल्या कथात्म साहित्यात असा लहान मासा किती वेळा भेटतो, याचा शोध एखाद्या संशोधकाने घ्यावा. गिळला जाण्याखेरीज ज्याला दुसरे चरित्रच नाही अशा पात्राची करुणा वाचकाला येते, ओळख होत नाही.

४

येथवर आपण साखळी आणि पायरी ही रूपके वापरली. तीही निर्दोष नाहीत. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना लागणाऱ्या आरे-वारेच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातील काही रात्री लाटा निळसर चमकताना दिसतात. असा प्रकाश देणाऱ्या सूक्ष्मजीवांत नॉक्टिल्युका हा प्रमुख आहे. अरबी समुद्रात आढळणारी त्याची हिरवी जात स्वतः प्लवक गिळते आणि त्याच वेळी आपल्या पेशीत हिरव्या सूक्ष्म शैवलांना आश्रय देऊन त्यांनी सूर्यप्रकाशावर तयार केलेल्या अन्नातही वाटा घेते. मग हा उत्पादक म्हणावा की भक्षक? पायऱ्यांच्या जिन्यावर त्याला कोठे उभे करावयाचे? त्याची दाट वाढ होते तेव्हा ती जेलीफिशसारख्या प्राण्यांच्या उपयोगी पडते, माशांच्या फारशी नाही. लाटा चमकल्या की पर्यटक जमतात. जाळ्याच्या दृष्टीने ती शोभा बरीचशी वांझ असते.

असाच दुसरा दाखला किनाऱ्यावरून वर चढून सड्यावर गेले की मिळतो. जांभ्या दगडाच्या या उघड्या पठारावर पावसाळ्यात जेमतेम बोटभर मातीचा थर ओला होतो आणि त्यात जांभळ्या फुलांचे ताटवे उगवतात. त्या फुलांना आपल्याकडे ‘सीतेची आसवे’ असे नाव आहे. नाव देणाऱ्याला फुलाचा आकार दिसला, पावसात भिजलेला त्याचा रंग दिसला आणि रामायणातील दुःख आठवले. मुळापाशी काय चालले आहे ते त्याला दिसणे शक्य नव्हते. तेथे सूक्ष्म पिशव्या असतात. पाण्यातील एखादा किडा पिशवीच्या दारावरील केसांना लागला की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास दार उघडते, किडा पाण्यासकट आत ओढला जातो आणि तेथे पचविला जातो. सीतेचे अश्रू मांसाहारी आहेत. याचा केवळ चमत्कार म्हणून उल्लेख करून थांबणे योग्य नाही. ही वनस्पती आपली ऊर्जा मुख्यतः सूर्यप्रकाशातूनच मिळविते. किड्याकडून तिला हवे असते ते नत्र आणि स्फुरद, कारण सड्याच्या निकृष्ट मातीत ते जवळपास नसते.

म्हणजे ‘खाणे’ या एका क्रियापदाखाली दोन निराळे व्यवहार आपण एकत्र करून ठेवले आहेत. ऊर्जा ही सूर्याकडून येते, प्रत्येक हस्तांतरात घटते आणि परत येत नाही. द्रव्य मात्र फिरत राहते. नारळीच्या बुंध्यात तारलीचे खत घालण्याची किनाऱ्यावरील जुनी रीत हे या फिरण्याचेच उदाहरण आहे. समुद्रातले नत्र शहाळ्यात येते आणि पानझडीतून, पावसातून पुन्हा खाडीकडे जाते. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत ज्ञानी पुरुष स्वतःला एकाच वेळी अन्न आणि अन्नाचा भोक्ता म्हणवितो. द्रव्याच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. ऊर्जेच्या बाबतीत मात्र नाही, कारण खर्चलेली ऊर्जा अन्न म्हणून पुन्हा पानात वाढता येत नाही. आपल्याकडील पर्यावरणविषयक गद्यात सर्व काही चक्राकार आहे असे म्हणण्याची जी हौस दिसते ती या भेदाकडे दुर्लक्ष करते. चक्र म्हटले की नुकसानीची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

ऊर्जेचे रूपक साहित्यविचारातही आलेले आहे. विल्यम रूकर्ट यांनी १९७८ साली ‘इकोक्रिटिसिझम’ ही संज्ञा प्रथम वापरली, त्याच निबंधात कवितेला साठविलेली ऊर्जा म्हटले आणि वाचन-अध्यापन हे त्या ऊर्जेच्या प्रवाहाचे मार्ग मानले. कल्पना आकर्षक आहे, परंतु लिंडेमनच्या हिशेबापुढे ती टिकत नाही. कविता एका वाचकाने वाचली म्हणून दुसऱ्यासाठी तिचा दशांशच उरला असे होत नाही. जे वाटल्याने घटत नाही त्याला ऊर्जा म्हणणे म्हणजे ऊर्जेचे मुख्य लक्षणच वगळणे होय. रूपक घ्यायचे तर त्यातील तोटाही घ्यावा, एवढीच येथे अपेक्षा आहे.

५

खाण्याचा नैतिक प्रश्न आपल्या परंपरेत हिंसेचा प्रश्न म्हणून मांडला गेला. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तील कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात तो याच स्वरूपात येतो. हवेत, पाण्यात, फळांत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव आहेत आणि पापणी लवली तरी त्यांचा नाश होतो, या आशयाचा शांतिपर्वातील अर्जुनाचा युक्तिवाद टिळक तेथे उपयोगात आणतात. पूर्ण अहिंसा अशक्य आहे, म्हणून केवळ अहिंसेच्या वचनाने कर्तव्याचा निर्णय होऊ शकत नाही. बुद्धी आणि प्रसंग पाहिला पाहिजे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. तो तर्क म्हणून भक्कम आहे. परंतु त्याची मांडणी एक मारणारा आणि एक मरणारा अशा जोडीची आहे. मारावे की न मारावे, कोणत्या बुद्धीने मारावे, असे प्रश्न त्यातून निघतात. किती, केव्हा आणि कोणत्या बळावर, हे प्रश्न त्यातून निघत नाहीत. पापणीखाली मरणारा जीव आणि जाळ्यात येणारी टनावारी मासळी या दोहोंना ‘अटळ हिंसा’ हे एकच नाव मिळते, आणि अटळ म्हटल्यावर प्रमाणाचा विचार संपतो. ऊर्जेच्या हिशेबाने नीतिविचारात काही भर घातली असेल तर ती हीच, की प्रमाण हेही नैतिक विशेषण ठरते.

हे केवळ तात्त्विक राहत नाही ते मिरकरवाडा बंदरात. पर्ससीन जाळ्याने मासेमारी करणारे आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातील संघर्ष रत्नागिरी जिल्ह्यात दीर्घकाळ चालू आहे. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढून पर्ससीन मासेमारीचा काळ १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढा मर्यादित केला. तारली आणि बांगडा यांचे थवेच्या थवे घेरणारे हे जाळे आहे. खालून दोर आवळला की पिशवी बंद होते. या संघर्षाविषयी बोलताना, लिहिताना ‘मोठा मासा लहान माशाला खातो’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी येते. एक बाजू ते तक्रार म्हणून म्हणते, दुसरी व्यवहारज्ञान म्हणून. दोघांच्याही तोंडी ते वाक्य चुकीचे आहे.

कारण यांत्रिक नौका हा मोठा मासा नव्हे. सुरमईला तारलीचा पाठलाग करण्यासाठी लागणारे बळ तारलीतूनच मिळवावे लागते. तारली विरळ झाली की पाठलाग परवडत नाही आणि शिकार आपोआप थांबते. खाणाऱ्यावरचा लगाम त्याच्या भुकेतच आहे. नौकेचे बळ तारलीतून येत नाही, ते डिझेलमधून येते. आणि डिझेल ज्या खनिज तेलापासून होते ते बव्हंशी कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी गाडल्या गेलेल्या प्लवकांचेच रूपांतर आहे. आजच्या प्लवकांवर जगणाऱ्या माशाचा पाठलाग प्राचीन प्लवकांच्या बळावर केला जातो. शिवाय त्या डिझेलवरील कराचा परतावा शासन देते. मासळी घटली तरी पाठलाग थांबत नाही, तो अधिक दूर आणि अधिक खोल जातो. निसर्गातल्या कोणत्याही भक्षकाला ही सवलत नाही. तेव्हा येथे निसर्गनियम बळावला असे नसून निसर्गनियमाचा लगाम सुटला आहे, आणि ज्याने तो सोडला त्याच्याकडे उत्तर मागता येते.

एलईडी दिव्यांच्या मासेमारीत ही गोष्ट आणखी उघडी पडते. जनित्रावर चालणारे प्रखर दिवे रात्री पाण्यावर सोडले की त्यांच्याभोवती प्लवकभक्षी प्राणी आणि त्यांच्यामागे मासे जमतात. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली आणि राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन दंड वाढविण्यात आले. समुद्रातले सारे अन्न ज्या प्रकाशापासून सुरू होते त्याचीच ही नक्कल आहे. हा प्रकाश मात्र कोणालाही पोसत नाही.

म्हणून रापण पवित्र ठरते असे मात्र नाही. किनाऱ्यावरून दोन्ही टोके ओढून घेतली जाणारी रापण, खाडीच्या मुखाशी लावलेली डोल, यांच्या बारीक आसांतही पिल्ले सापडतातच. परंपरेच्या नावाने त्यांचा हिशेब माफ करणे म्हणजे एका रूपकाऐवजी दुसरे, अधिक गोड रूपक स्वीकारणे होय. फरक एवढाच की रापण ओढणाऱ्यांचे बळ त्यांनी खाल्लेल्या भातातून आणि मासळीतून येते. तिची पोच त्यांच्या दंडाइतकीच असते, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. तिचे दोष तिच्या आवाक्यात राहतात.

आरंभी खोत आणि कूळ यांचा उल्लेख केला होता. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’सारख्या कादंबरीविषयी लिहिताना मात्स्यन्याय हा शब्द सुचणे स्वाभाविक आहे. पण खोताचा अर्धेल किंवा तिर्धेल हा सुरमईचा दशांश नव्हता. कुळाने जगून झाल्यावर उरलेले ते शरीर नव्हते. कुळाच्या जगण्यातूनच तो आधी काढून घेतला जात होता. त्यामागे सनदा होत्या, कचेऱ्या होत्या, फौजदार होता, म्हणजे अर्थशास्त्राने मात्स्यन्यायावर उतारा म्हणून सांगितलेला तो दंडच होता. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ च्या कायद्याने ती संपुष्टात आली. सुरमईने तारली खाण्याचे बंद करावे असा ठराव कोणत्याही विधिमंडळात मांडता येत नाही. खोतीबाबत तो मांडता आला, एवढ्यावरूनच खोती कोणत्या जातीची वस्तू होती ते स्पष्ट होते. समीक्षकाने तिला माशाचे नाव दिले की कादंबरीतील कचेरी दिसेनाशी होते.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ प्रजातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. त्याहून लहान मासा पकडू नये असा तो नियम आहे. पापलेटला राज्यमाशाचा मान त्याच वर्षी मिळाला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी आधीपासून आहेच. शतपथातील माशाने मनूकडे मागितलेला अवधी शासकीय राजपत्रात आला तो असा, मिलिमीटरच्या भाषेत. नारळी पौर्णिमेनंतर मिरकरवाड्याला उतरणाऱ्या पाट्यांत पट्टी लावून कोण पाहतो, आणि जे आखूड भरतात ते मेलेले मासे पुढे कोठे जातात, हा प्रश्न त्या भाषेत अद्याप विचारला गेलेला दिसत नाही.